हिराडोहून सुरतेस

मुगलीसरा भागातील आपल्या सुरत महानगरपालिकेची जुनी इमारत तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. ही इमारत कचेरीसाठी बांधलेली नाही. शाहजहान बादशहाच्या कारकिर्दीत, १६४४ साली, ती मुसाफिरखाना म्हणून उभी राहिली. हजयात्रेस निघालेले यात्रेकरू व दूरदेशीचे प्रवासी गलबताची वाट पाहत तेथे मुक्काम करीत. म्हणजे ज्या वास्तूतून आज आपल्या शहराचा कारभार चालतो, ती मुळात परक्या माणसाला रात्रीचा आसरा मिळावा म्हणून बांधलेली होती.

तेथून थोड्या अंतरावर, कतारगाम दरवाजाजवळ, इंग्रजांची व डचांची जुनी कब्रस्ताने आहेत. त्यांतील घुमटांच्या उंच कबरी पाहून एखाद्या मोगल सरदाराच्या मकबऱ्याची आठवण होते. इंग्रज वखारीतील ख्रिस्तोफर ऑक्सेंडेन हा १६५९ साली व त्याचा बंधू जॉर्ज १६६९ साली येथेच मृत्यू पावला. मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याची कबरही येथेच आहे. तो १६९१ साली वारला. हे सारे लोक आपल्या घरापासून हजारो कोस दूर जगले आणि परक्या मातीत विसावले.

या कबरी पाहताना दोन प्रश्न मनात येतात. परक्या देशात गेल्यावर माणसाने कसे राहावे? आणि आपल्या दारी परका आला असता आपण त्याच्याशी कसे वागावे? वरवर पाहता हे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण खरे तर ते एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. जपान आणि सुरत या दोन्ही ठिकाणी राहिलेल्या एका माणसाच्या चरित्रात त्या दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. त्या माणसाचे नाव फ्रांस्वा कारोन.

भंडाऱ्याचा पोऱ्या

कारोनचा जन्म १६०० साली ब्रुसेल्स शहरी झाला. त्याचे आईबाप फ्रेंच प्रॉटेस्टंट पंथाचे होते. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्यांना ‘वलंदेज’ म्हटले आहे, त्या डच लोकांची ईस्ट इंडिया कंपनी त्या काळी पूर्वेकडील व्यापारात आघाडीवर होती. तिच्या एका जहाजावर भंडाऱ्याच्या, म्हणजे जहाजावरील आचाऱ्याच्या, हाताखालचा पोऱ्या म्हणून कारोन १६१९ साली जपानातील हिराडो बंदरास पोचला. त्याचे वय तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्याच्यापाशी ना विद्वत्ता होती, ना द्रव्य, ना वशिला.

हिराडोत डचांची वखार १६०९ पासून होती. इंग्रजांनीही तेथे १६१३ साली वखार घातली होती. सुरतेत त्यांचे बस्तान बसले तेही याच सुमारास. परंतु हिराडोत त्यांचा व्यापार चालला नाही आणि १६२३ साली ते तेथून उठून गेले. डच मात्र टिकून राहिले. ते का टिकले, याचे बरेचसे उत्तर कारोनच्या चरित्रात आहे.

वखारीतले बहुतेक गोरे लोक दुभाष्यावर विसंबून असत. कारोनने मात्र जपानी बोली आत्मसात केली. त्याने जपानी स्त्रीशी संसार थाटला आणि त्यांना मुलेबाळे झाली. ज्या घरात आई जपानी बोलते आणि लेकरे जपानी बोलतात, तेथे बापालाही ती भाषा पुस्तकाविना येते. भाषेबरोबर त्याला तेथील रीतिभातीही कळत गेल्या: कोणापुढे किती वाकावे, भेट केव्हा द्यावी, केव्हा बोलावे आणि विशेषेकरून केव्हा गप्प बसावे.

दोन वकिलाती

भाषा आणि नम्रता यांचे मोल काय असते, हे कारोनला तरुणपणीच पाहावयास मिळाले. त्या काळी जपानचा सम्राट क्योटो शहरी असे, परंतु खरी सत्ता एडो येथील शोगुनच्या हाती होती. (एडो म्हणजे आजचे टोकियो.) साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे यांच्या उत्तरकालीन नात्यावरून विद्यार्थ्यांस याची ढोबळ कल्पना येईल.

१६२७ साली डच कंपनीने पीटर नॉयट्स नावाचा वकील शोगुनच्या दरबारी धाडला. कारोन त्याचा दुभाषी होता. नॉयट्स हा ताठ स्वभावाचा गृहस्थ होता. जपानी दरबारची रीत समजून घेण्याऐवजी त्याने आपलाच मान पुढे केला आणि शोगुनची भेट न होताच त्यास परतावे लागले. पुढील वर्षी तो फोर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानात, अंमलदार असता तेथे आलेल्या जपानी व्यापाऱ्यांशी त्याने तंटा केला. त्या जपान्यांनी त्याच्याच घरात शिरून त्यास ओलीस धरले. या भांडणापायी डचांचा जपानशी व्यापार काही वर्षे बंद पडला. अखेर १६३२ साली कंपनीने नॉयट्सला जपानी सरकारच्या स्वाधीन केले आणि तो तेथे नजरकैदेत राहिला.

नॉयट्सची सुटका झाली ती १६३६ साली. त्या वर्षी एडोस गेलेल्या डच मंडळींत कारोन होता. त्यांनी शोगुन इएमित्सु यास भेटीदाखल एक मोठे पितळी झुंबर नेले होते. इएमित्सुचे आजोबा इएयासु यांच्या निक्को येथील समाधिमंदिराची उभारणी त्याच सुमारास पुरी होत होती. हे झुंबर शोगुनला फार आवडले आणि त्याने ते निक्कोच्या मंदिरास अर्पण केले. ते आजही तेथे आहे. नॉयट्सलाही सोडण्यात आले. एकाने ताठ मानेने जे गमावले, ते दुसऱ्यांनी दरबाराची आवड आणि रीत ओळखून परत मिळविले.

परदेश्याने लिहिलेला जपान

त्याच वर्षी बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जपानविषयी काही प्रश्न पाठविले होते. देश केवढा आहे, राज्य कसे चालते, शिक्षा काय होतात, लोक कोणता धर्म पाळतात, घरे कशी असतात, असे ते प्रश्न होते. कारोनने त्यांची एकेक करून उत्तरे लिहिली. ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेली आणि १६६३ साली त्यांचे इंग्रजी भाषांतरही निघाले. युरोपातील वाचकांस जपानची घरगुती ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

या पुस्तकातील एक गोष्ट तुम्हां विद्यार्थ्यांस विशेष आवडेल. जपानी आईबाप मुलांस फार जपून व मायेने वाढवितात, सहसा त्यांच्या अंगावर हात टाकीत नाहीत, समजावून सांगून शिकवितात, असे कारोनने लिहून ठेवले आहे. ज्या काळी युरोपातील शाळांत छडीवाचून विद्या येत नाही अशी समजूत होती, त्या काळचे हे निरीक्षण आहे. तेथील कठोर शिक्षांचे वर्णनही त्याने लपविले नाही. एकाच्या अपराधासाठी घरच्या इतरांनाही देहदंड होई, हे त्याने स्पष्ट लिहिले. परक्या समाजाकडे पाहताना केवळ वाहवा करणे सोपे असते, आणि केवळ नाके मुरडणे त्याहूनही सोपे. कारोनने बहुतांशी या दोन्ही गोष्टी टाळल्या.

एका आकड्यासाठी पाडलेली वखार

आता कारोनच्या आयुष्यातील सर्वांत बिकट प्रसंगाकडे वळू.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ख्रिस्ती धर्मोपदेशक जपानात आले होते आणि पुष्कळ जपान्यांनी तो धर्म स्वीकारला होता. धर्माच्या मागून परकी सत्ता येईल, अशी भीती राज्यकर्त्यांस वाटू लागली. १६३७-३८ साली शिमाबारा प्रांतात कर आणि जुलूम यांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला. त्यांत ख्रिस्ती लोकांचा भरणा होता. तेव्हापासून ही भीती पराकोटीस पोचली. १६३९ साली पोर्तुगीजांना जपानची दारे कायमची बंद झाली. १६४० साली मकाव येथील पोर्तुगीजांनी विनवणी करण्यासाठी वकिलात पाठविली, तेव्हा तिच्यातील ६१ जणांचा नागासाकीस शिरच्छेद करण्यात आला. झाल्या गोष्टीची वर्दी देण्यापुरते थोडे लोक जिवंत सोडले गेले.

यानंतर काही महिन्यांतच शोगुनचा अधिकारी इनोउए मासाशिगे हा हिराडोस येऊन दाखल झाला. कारोन आता वखारीचा मुख्य होता. डचांनी तेथे नुकतीच दगडी कोठारे बांधली होती आणि त्यांच्या दर्शनी भागावर, युरोपातील प्रघाताप्रमाणे, बांधकामाचे साल इसवी सनात कोरले होते. इसवी सन येशू ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजला जातो. अर्थात तो आकडा हाच गुन्हा ठरला. ही कोठारे ताबडतोब पाडून टाकावीत, असा हुकूम झाला.

कोठारे भक्कम होती आणि त्यांवर कंपनीचा अतोनात पैसा खर्च झाला होता. दुसरा कोणी असता तर त्याने कैफियत मांडली असती, मुदत मागितली असती, निदान नाराजी तरी दाखविली असती. कारोनने यांतले काहीच केले नाही. हुकूम शिरसावंद्य आहे, एवढेच त्याने सांगितले आणि त्याच दिवशी माणसे लावून कोठारे रिकामी करून पाडावयास आरंभ केला. त्याने तोंडातून विरोधाचा शब्द काढला असता, तर त्याला तेथेच कापून काढण्यासाठी माणसे सज्ज ठेवलेली होती, असे या प्रसंगाच्या वृत्तांतात सांगितले आहे. शब्द निघाला नाही, त्यामुळे शस्त्रही निघाले नाही. वखार गेली, पण माणसे वाचली आणि व्यापारही वाचला.

हा भ्याडपणा होता काय? यावर वर्गात अवश्य वाद घालावा. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की वखारीतील सर्वांचे प्राण कारोनच्या एका उत्तरावर टांगलेले होते. आणि दगडाच्या भिंती पुन्हा बांधता येतात. हिराडोतील ते कोठार खरोखरीच २०११ साली जुन्या नमुन्याबरहुकूम पुन्हा उभारण्यात आले आहे.

पंख्याच्या आकाराचा तुरुंग

१६४१ साली कारोनने जपान सोडले. त्याच वर्षी डचांना हिराडोहून नागासाकीस हलविण्यात आले. तेथील बंदरात, पोर्तुगीजांसाठी १६३६ साली तयार केलेले, देशिमा नावाचे कृत्रिम बेट होते. त्याचा आकार उघडलेल्या पंख्यासारखा होता. लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी सुमारे ७५ मीटर. काठाशी जोडणारा एकच पूल आणि त्यावर रात्रंदिवस पहारा. परवानगीवाचून डचाने बाहेर जावयाचे नाही, उघडपणे ख्रिस्ती प्रार्थना करावयाची नाही, बायकामुलांस आणावयाचे नाही. दुभाष्याचे काम ठरावीक जपानी घराण्यांकडे असे. म्हणजे ज्या भाषेच्या बळावर कारोन मोठा झाला, ती मनमोकळेपणाने शिकण्याची वाटही आता जवळजवळ बंद झाली.

वर्षातून एकदा मात्र वखारीच्या मुख्याला शोगुनच्या मुजऱ्यासाठी एडोस जावे लागे. काही वाट खुष्कीची, मग ओसाकापर्यंत जलमार्ग आणि पुढे तोकाइदो नावाचा राजरस्ता. त्या रस्त्यावर ५३ टप्पे असून प्रत्येक टप्प्यावर घोडी, हमाल आणि उतारशाळा यांची चोख व्यवस्था होती. जाण्यायेण्यास सुमारे तीन महिने लागत. एंगेलबर्ट केम्फर नावाचा जर्मन वैद्य १६९१ व १६९२ साली या प्रवासात होता. दरबारात आपल्याला उठून चालावयास, नाचावयास, गाणे म्हणावयास लावले आणि पडद्याआडून लोकांनी मौज पाहिली, असे त्याने लिहून ठेवले आहे. परका म्हणजे बघण्याची वस्तू! तुमच्या वर्गात वेगळ्या बोलीचा मुलगा आला असता ‘अमुक शब्द पुन्हा म्हणून दाखव’ असे म्हणून आपण हसतो, तेव्हा त्या पडद्याआडच्या लोकांहून आपण फार निराळे नसतो.

तरीही या चिंचोळ्या पुलावरून ज्ञानाची देवघेव झालीच. डच ग्रंथांच्या साहाय्याने जपानी वैद्यांनी शरीरशास्त्राचा अभ्यास केला आणि १७७४ साली सुगिता गेनपाकु व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या विषयावरील ग्रंथाचे जपानी भाषांतर प्रसिद्ध केले. मालाचे येणेजाणेही चालू होते. जपानचे तांबे डच जहाजांतून येऊन सुरतेच्या बाजारात विकले जाई आणि हिंदुस्थानचे छापील कापड जपानात पोचे. अशा कापडास तेथे ‘सारासा’ म्हणत आणि चहापानाच्या समारंभातील मौल्यवान वस्तू गुंडाळण्यासाठी त्याचे तुकडे जिवापाड जपून ठेवीत.

सुरतेतील कारोन

जपान सोडल्यावर कारोन डच कंपनीत उच्च पदांवर चढला. पण पुढे खाजगी व्यापाराचा आळ येऊन त्यास परत बोलाविले गेले. तेव्हा फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने त्याला नव्याने निघालेल्या फ्रेंच कंपनीत घेतले. औरंगजेब बादशहाकडून फ्रेंचांस सुरतेत वखारीची परवानगी १६६६ साली मिळाली होती. त्यानुसार १६६८ साली कारोनने फ्रेंचांची हिंदुस्थानातील पहिली वखार आपल्या सुरतेत स्थापन केली. हिराडोतला भंडाऱ्याचा पोऱ्या आता अडुसष्ट वर्षांचा वृद्ध अधिकारी झाला होता.

सुरतेत त्याने काय पाहिले असेल? येथे परक्यांसाठी वेगळे बेट नव्हते. इंग्रज, डच, आर्मेनियन, इराणी, तुर्क, अरब असे नाना देशांचे लोक येथे आपापल्या वेषात आणि आपापल्या देवाची प्रार्थना करून राहत होते. हिंदू व जैन सावकार, बोहरी, पारशी यांच्याशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली येथील इंग्रज वखारीत राहिला, तेव्हा तेथे रोज चहा पिण्याची चाल होती. बंदरावरील अधिकाऱ्यांची अडवणूक आणि लाचलुचपत यांबद्दल परदेशी लोक नेहमी कुरकुरत. सुरत काही स्वर्ग नव्हती. परंतु हिराडोत ज्या सनाच्या आकड्यापायी वखार पाडली गेली, त्याच सनाचे आकडे येथे कबरींवर परक्या भाषेत कोरलेले होते आणि कोणी त्यांस हात लाविला नाही.

सुरतेचे हे मोकळेपण लाभूनही कारोनच्या हातून एक मोठी चूक घडली. फ्रेंच कंपनीत मार्कारा नावाचा इराणातील आर्मेनियन व्यापारी अधिकारी होता. त्याला इकडील भाषा आणि दरबारच्या रीती ठाऊक होत्या. त्याने १६६९ साली गोवळकोंड्याच्या सुलतानाकडून मछलीपट्टणास वखार घालण्याची सनद मिळविली. हे काम कारोनच्या तरुणपणीच्या कामगिरीसारखेच होते. पण कारोनला त्याचा उत्कर्ष सहन झाला नाही. दोघांत वितुष्ट आले. मार्कारास कैद करून फ्रान्सला पाठविण्यात आले. तेथे पुढे त्याची मुक्तता झाली. इतर सहकाऱ्यांशीही कारोनचे तंटे झाले आणि अखेर त्याला परत बोलावणे आले. परतीच्या वाटेवर, १६७३ सालच्या एप्रिल महिन्यात, लिस्बन बंदराशी त्याचे जहाज बुडाले आणि त्यातच त्याचा अंत झाला.

ज्याने स्वतः परकेपणाचे चटके सोसले, जो परक्यांची भाषा शिकून मोठा झाला, त्याला आपल्याच वखारीतील परक्यास जागा देता आली नाही. कारोनच्या आयुष्यातील हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. परका म्हणून नम्रतेने वागणे त्याला साधले, कारण तेथे गरज होती. यजमान म्हणून उदारपणे वागण्यास मात्र गरज भाग पाडीत नाही. तेथे माणसाचे मनच मोठे असावे लागते.

आपण येथे कोण?

विद्यार्थी मित्रहो, ही कथा तुम्हांला सांगण्याचे कारण आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापीच्या काठाकाठाने जाणाऱ्या आगगाडीने सुरतेस आले. उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत त्यांनी बिऱ्हाडे थाटली. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती, असे आपले तीन भाषांचे जीवन आहे. आपण परदेशी नव्हतो. तरी नवखे होतो. या शहराने आपल्याला मराठीतून शिकण्याची शाळा दिली. महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा आज सात भाषांतून चालतात, ही सुरतेच्या जुन्या वळणाला शोभणारीच गोष्ट आहे.

तेव्हा पहिले कर्तव्य कारोनच्या तारुण्यापासून शिकावे. गुजराती केवळ भाव करण्यापुरती नव्हे, तर वाचण्यालिहिण्यापुरती शिकावी. शेजाऱ्याच्या सणात आणि सुतकात त्याची रीत समजून वागावे. आपली मराठी त्यामुळे उणी होत नाही. जपानी शिकल्यामुळे कारोनची स्वतःची भाषा लोप पावली नव्हती.

दुसरे कर्तव्य त्याच्या वृद्धापकाळापासून, म्हणजे त्याच्या चुकीपासून, शिकावे. आज आपण येथे जुने झालो आहोत. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली कुटुंबे आपल्याच चाळींत, आपल्याच मागांच्या कारखान्यांत नवखी आहेत. उद्या जपानच्या सहकार्याने बांधल्या जात असलेल्या मुंबई-अहमदाबाद द्रुतगती लोहमार्गावरून आणखी दूरचे लोक येतील. त्यांच्यासाठी आपण देशिमाचा पूल होणार, की मुगलीसऱ्याचा मुसाफिरखाना?

पुढील सुटीत कतारगाम दरवाजाजवळची ती कब्रस्ताने अवश्य पाहून या. जाताना शेजारच्या घरातील एखाद्या नवख्या मुलालाही बरोबर न्या. त्याची भाषा तुम्हांला येत नसेल, तर वाटेत तिचे दोन शब्द त्याच्याकडून शिकून घ्या.